शिळाछाप मंडळ

आईला लोकांच्या नकला करता येतात, हे आमच्या गाडीबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेत, श्रूजबरी गावात कुणाकडे जेवायला गेलो की तिथे ती अगदी गरीब गाय. सोफ्याच्या कडेला बसायची, 'छान झालंय हं' म्हणायची, निघताना उरलेली भाजी दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरायला यजमानीणबाईंना मदत करायची. पण बाबांनी गाडी रिव्हर्स घेतली आणि त्या घराचा पोर्चमधला दिवा मागे पडला, की ती सीटबेल्ट जरा सैल करायची आणि सुरू व्हायची. 'आमचं ना, लाँड्री अपस्टेअर्स आहे हं, त्यामुळे फार कन्व्हीनियंट पडतं,' असं ती नाकातून म्हणायची, आणि ज्या काकूंनी आत्ता तासभर आम्हाला घर दाखवलं त्या साक्षात पुढच्या सीटवर येऊन बसायच्या. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी काका तर तिच्या हातातल्या गाडीच्या किल्लीत 'हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?' असं विचारायचे. बाबा हसता हसता एक्झिट चुकवायचे. मागच्या सीटवर मी पोट धरून लोळायचे. तेव्हा मी तिच्यावर जळत नव्हते, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. नकला तिच्या होत्या आणि चित्रं माझी होती, आणि तोवर आमच्यात सगळं ठीक होतं.

चित्रं माझी होती हे घरात, शाळेत आणि मंडळात ठरून गेलेलं होतं. मी डावखुरी. आजीनं लहानपणी माझ्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात दिला तो दिलाच, पण पेन्सिल काही तिला काढून घेता आली नाही. आम्ही नागपूरहून अमेरिकेत आलो तेव्हा मला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं, त्यामुळे वर्गात मी चित्रं काढत बसायचे आणि पोरं येऊन 'कूल' म्हणून जायची. मंडळाच्या दिवाळीच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ लागोपाठ दोन वर्षं माझं होतं. पहिल्या वर्षी समई, दुसऱ्या वर्षी कलश. खाली 'चित्र: कुमारी केतकी' असं छापलेलं. त्या कुमारीचा मला इतका अभिमान होता की विचारू नका. स्मरणिकेच्या आत कोण काय लिहितं हे आजतागायत मला माहीत नाही. मी कव्हरच्या पलीकडे कधी गेलेच नाही.

आईचं नाव मात्र कुठेच छापलेलं नसायचं. नागपूरला ती बँकेत होती, काउंटरवर. इथे तिच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. जिथे म्हणून काही भरायचं असे तिथे वर बाबांचं नाव आणि खाली तिचं, आणि तिच्या नावापुढे 'डिपेंडंट'. तो शब्द ती फार सुंदर म्हणायची, बँकेतल्या मॅनेजरच्या आवाजात. बाबा प्रोजेक्टवर, मी शाळेत, आणि ती अपार्टमेंटमध्ये. फोडणी जरा जोरात दिली की स्मोक अलार्म कोकलायचा, मग ती एका हातात झारा आणि एका हातात टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायची. मी शाळेतून आले की जिन्यातच हिंगाचा वास यायचा आणि टॉवेलची फडफड ऐकू यायची. 'आज तीनदा बोंबलला मेला,' ती सांगायची, 'दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच.' मी हसायचे. त्यात हसण्यासारखं नव्हतं, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझं नाव जवळच्या वूस्टर शहरातल्या एका छापखान्याच्या शनिवारच्या वर्गासाठी सुचवलं. छापखाना म्हणजे पत्रिका छापण्याचा नव्हे, चित्रांचा. जुन्या गिरणीच्या इमारतीत, उंच खिडक्यांची एक खोली, आणि तिची मालकीण रूथ. रूथ म्हणजे पासष्टीची, आडव्या बांध्याची, कायम शाईनं काळी झालेली बाई. आईला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, तेव्हा मला सोडायला ती यायची आणि परत जाऊन परत येण्यापेक्षा बाहेर कॉरिडॉरमध्ये लोकर विणत बसायची. थंडी पडली तशी एका शनिवारी रूथनं दार उघडून तिला आत बोलावलं. 'शी विल फ्रीझ, युअर मदर,' मला म्हणाली. मीच खुर्ची ओढून दिली. माझ्याच वर्गात, माझ्याच टेबलाच्या टोकाला. पुढे जे काही झालं त्याचा विचार केला की ती खुर्ची मला आठवते, लाल प्लॅस्टिकची.

त्या खोलीत दगडावर चित्रं काढायची. पिवळसर राखाडी, पाट्यासारखा जड आणि गुळगुळीत चुनखडीचा दगड. त्याच्यावर तेलकट खडूनं काढायचं. मग वरून डिंकाचं पाणी आणि थोडं ॲसिड फासायचं, स्पंजनं दगड ओला करायचा आणि रूळानं शाई फिरवायची. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, खडूचं तेल असेल तिथे बरोबर धरते. वर कागद ठेवून दाबलं की चित्र कागदावर. छापून झालं की दगड वाळू आणि पाण्यानं घासून पुन्हा कोरा. आईनं रूथच्या बरणीतल्या पिवळ्या खड्यांचा वास घेतला आणि मला म्हणाली, 'अगं, हा आपला डिंक! लाडवातला!' मग दगडावरून हात फिरवायला गेली तर रूथ ओरडलीच, कारण बोटाचं तेल लागलं तरी तेही छापलं जातं. आईनं हात मागे घेतला आणि जरा वेळानं म्हणाली, 'म्हणजे शिळाछाप. आमच्या आजोबांकडे शिळाछाप पोथी होती.' मी ते रूथला इंग्रजीत सांगितलं. रूथ खूश. आई खूश. मला उगीचच वाटलं की हे माझ्याबद्दल असायला हवं होतं.

रूथ आम्हाला एकदा म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे वरच्या मजल्यावर एका छोट्या खोलीत फ्रान्समधल्या एका चित्रकाराची दगडावर काढलेली चित्रं मांडली होती, दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांत आलेली. पिवळ्या पडलेल्या कागदांवर पाठीमागच्या मजकुराची अक्षरं उमटलेली दिसत होती. राजे नाहीत, देव नाहीत, लढाया नाहीत. नुसती मध्यमवर्गीय माणसं. रात्रीची टोपी घालून रडकं पोर झुलवणारा नवरा. नदीवर आंघोळीला आलेली, पोट आत ओढून उभी राहिलेली प्रतिष्ठित मंडळी. नाटक बघता बघता तोंड उघडं टाकून झोपलेलं अख्खं कुटुंब. चित्रप्रदर्शनाला जाऊन बाकी भिंतीकडे ढुंकून न बघता फक्त स्वतःचं पोर्ट्रेट शोधणारे नवरा-बायको. मला वाटलं, ही काय चित्रं! केवढी कुरूप माणसं! मी माझ्या वहीत तिथल्या एका संगमरवरी देवीचा हात काढायला गेले. परत आले तर आई त्या पोट आत ओढलेल्या गृहस्थांसमोर उभी राहून खांदे हलवत हसत होती, अगदी गाडीतल्यासारखी, अनोळखी लोकांच्या देखत. 'केतू, हे बघ, हे आपले नाडकर्णीच की गं,' ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या चित्रकाराला ती पॅरिसचे काका म्हणायला लागली.

पुढच्या शनिवारी तिनं रूथकडे एक लहानसा दगड मागितला. आयुष्यात तिनं धड रांगोळी काढलेली नव्हती. तिचा मोर नेहमी कोंबडीसारखा व्हायचा. मी तिला समजावून सांगायला लागले की आधी हलकी रेघ, मग सावली, वगैरे. ती हो हो म्हणाली आणि एक बाई काढली, स्मोक अलार्मखाली टॉवेल घेऊन उडी मारणारी. पाय जमिनीपासून सुटलेले, अंबाडा सुटलेला, चेहऱ्यावर युद्धावर निघालेल्याचा आव. प्रमाण चुकलं होतं, हात फार लांब होते, आणि बघितल्या बघितल्या हसू फुटत होतं. रूथ छापलेला कागद हातात धरून खिडकीपाशी उजेडात गेली. मग तिनं बाकीच्यांना बोलावलं. माझ्या देवीच्या हाताला आदल्या आठवड्यात ती 'व्हेरी नाइस' म्हणाली होती. 'व्हेरी नाइस' ती सगळ्यांनाच म्हणायची. हे बघून ती काहीच म्हणाली नाही, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लोक म्हणतात आईवर कसं कुणी जळेल. जळतं! मैत्रिणीवर जळलं तर निदान तिचं तोंड चुकवता येतं. मला जिच्यावर जळायचं ती सकाळी डब्यात पोळीचा रोल बांधून द्यायची, केसांना तेल लावायची, आणि तेल लावता लावता विचारायची, 'केतू, माणूस खाली वाकला की मानेला वळी कुठे पडते गं?' मी सांगायचे नाही. माहीत नव्हतं म्हणूनही, आणि माहीत असतं तरी. शनिवारी मी माझ्या कागदावर कोपर टाकून बसायला लागले, तिला दिसू नये म्हणून. तिचा दगड मात्र मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळा दिसायचा. गाडीतल्या नकला हळूहळू बंद झाल्या. त्या सगळ्या आता दगडावर जात होत्या. बाबांनाही चुकल्यासारखं वाटत असणार, पण ते बापडे भारावून गेले होते. येईल त्या पाहुण्याला ते आईचे कागद काढून दाखवायचे, आणि माझी समई आणि कलश फ्रिजवर चुंबकाखाली तसेच.

आणि मग ते कव्हर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नाडकर्णी काकांचा फोन आला, स्मरणिकेची तयारी सुरू झाली होती. मी तोवर दोन मोर काढून, रंगवून, वाळवून ठेवले होते, मधे कमळ. बाबा फोनवर म्हणाले, 'या वर्षी कव्हर आमच्या हिचं घ्या. अहो, वूस्टरला स्टुडिओत प्रिंट करते ती. ओरिजिनल.' पलीकडून काका ओरडलेले मला स्वयंपाकघरात ऐकू आले. 'अरे वा! वहिनींचं! डन! गणपतीच्या दिवशी सगळ्यांना दाखवू, दिवाळीला छापू!' चित्र न बघताच डन. आईनं पोळी लाटता लाटता वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी तिथून उठले. 'खाली माझं नाव येईल का हो?' तिनं बाबांना हळूच विचारलं. 'म्हणजे? येणारच.' 'पूर्ण नाव?' तिनं पुन्हा विचारलं. मी आत जाऊन मोरांवर पालथी वही ठेवली. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या मोठ्या दगडावर तिनं कितीतरी शनिवार काम केलं. मला दाखवलं नाही, आणि मी बघायला मागितलं नाही. एवढंच माहीत होतं की खाली ओळ लिहायची म्हणून ती पर्समधला छोटा गोल आरसा काढून बसायची. दगडावरचं सगळं कागदावर उलटं उमटतं, तेव्हा अक्षरं उलटी काढायची आणि आरशात धरून तपासायची, असं रूथनं तिला बजावलं होतं. देवनागरी उलटी काढणं म्हणजे खायचं काम नाही. वेलांट्या-मात्रांशी झगडताना तिची जीभ बाहेर यायची. चित्र छापून झालं, दगड घासून दुसऱ्या कुणासाठी कोरा झाला, आणि प्रती जुन्या ओढणीत गुंडाळून आमच्या कपाटावर गेल्या.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात असायचा, चतुर्थीनंतर येणाऱ्या शनिवारी, मग तिथी काही का असेना. एकीकडे थर्माकोलचं मखर, एकीकडे ॲल्युमिनियमच्या ट्रेंची रांग, वर फॉइल, दाराशी बुटांचा ढीग. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, आणि काकू मंडळींनी घराघरांतून वाफवून आणलेले मोदक. लहान मुलांच्या चित्रांच्या भिंतीवर मधोमध आईनं तिचं चित्र पिनांनी लावलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा पूर्ण पाहिलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, कारण ते फार म्हणजे फारच चांगलं होतं. आमचाच हॉल. मखरात गणपती. त्याच्यासमोर जेवणाची रांग, प्रत्येकाची मान पुढच्याच्या ताटात. बाळाला कडेवर घेऊन एका हातानं व्हिडिओ घेणारा बाप. झाकण लावताना डब्यावर गुडघा ठेवलेली बाई. सगळ्यांत पुढे माइक धरलेले नाडकर्णी काका, आणि त्यांच्या दुसऱ्या हातातल्या ताटात मोदकांचा डोंगर, वरून रुमाल टाकलेला, एक मोदक तरी बाहेर डोकावतोच आहे. खाली सुबक अक्षरांत ओळ: 'एका ताटात एकच मोदक.' ती घोषणा काका दरवर्षी करायचे.

मी चित्रात स्वतःला शोधलं. शोधणारच. बाबा होते, बुटांच्या ढिगात एक बूट हातात घेऊन दुसरा हुडकणारे. मी नव्हते. एका कडेला दोन वेण्यांची एक मुलगी कागदावर वाकून काहीतरी काढत होती, पण ती उजव्या हातानं काढत होती, म्हणजे मृण्मयी. मृण्मयी नाडकर्णी काकांची मुलगी, माझ्याच वयाची, दोन वेण्या घालणारी, रूथच्या वर्गात नुकतीच यायला लागलेली. आईला तिचं कोण कौतुक! तिचा चेहरा अर्धा कोपराआड होता, एक भलंमोठं नाक तेवढं नजरेत भरत होतं. नाक बघून मला जरा बरं वाटलं. पण आख्ख्या मंडळात आईला काढावंसं वाटलं नाही असं माणूस मी एकटीच, आणि माझी जागा दिली मृण्मयीला, हे काही गिळता येईना.

आरती झाली आणि लोक भिंतीशी जमले. सुरुवातीला नुसता हशा. प्रत्येक जण दुसऱ्याला दाखवत होता. 'अरे, हा बघ सुधीर, व्हिडिओ!' 'मॉम, दॅट्स यू विथ द लिड!' मग नाडकर्णी काकू पुढे आल्या, चष्मा लावला, रांगेत स्वतःला शोधलं, आणि म्हणाल्या, 'माझा पदर उजव्या खांद्यावर का घेतलाय? असा पदर मी कधी घेते?' सगळे जवळून बघायला लागले. मग काका आले. त्यांनी माइक बघितला, ताट बघितलं, रुमाल बघितला. त्यांचे कान लाल झाले. मोदकांविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. ते म्हणाले, 'वहिनी, गणपती उजव्या सोंडेचा आहे.'

सगळ्यांनी सोंडेकडे पाहिलं. खरंच सोंड उजवीकडे वळलेली होती. 'उजव्या सोंडेचा कडक असतो,' मागून एक आजी म्हणाल्या. 'त्याला सोवळं लागतं. आणि हा बुटांचा ढीग त्याच्यासमोर...' 'आणि सगळे डाव्या हातानं जेवतायत,' काकू म्हणाल्या. पाहिलं तर खरंच. आख्खी रांग डाव्या हातानं वाढत होती आणि डाव्या हातानं प्रसाद घेत होती. आईनं तोंडावर हात धरला. अक्षरं उलटी काढायची आठवण ठेवली आणि माणसं आणि देव मात्र सुलटे काढले, म्हणून छापताना ते उलटले. रूथला सोंडेतलं काय कळणार होतं! 'माझी चूक झाली, भाऊजी,' आई म्हणाली, 'ते दगडावरून येताना...' काकांनी हात वर केला. 'आपल्या संस्कृतीत काही गोष्टी असतात, वहिनी. हे कव्हरवर जाणार नाही. सॉरी.' मग त्यांना मी दिसले. 'आपल्या केतकीनं काढलंय ना काहीतरी? मोर? तेच टाकू. दरवर्षीसारखं.'

मला आनंद झाला. लपवत नाही. पोटातून उकळी फुटावी तसा झाला. मोर, कमळ, 'चित्र: कुमारी केतकी', सगळं परत आलं होतं. आणि आई पिना काढायला लागली होती. 'बरं, भाऊजी,' एवढंच म्हणून, काउंटरवर गिऱ्हाईक ओरडल्यावर म्हणत असेल तशी. एक पिन निघाली, कागदाचा कोपरा खाली वळला. मला दिसलं की तिचं पूर्ण नाव चित्राच्या खालच्या कोपऱ्यात होतं, तेही तिनं आरशात बघून उलटं काढलं होतं, आणि ते अगदी सुलट आलं होतं. आणि मला असला संताप आला! त्या हॉलमध्ये ते चित्र काय मोलाचं आहे हे बरोबर कळणारी मी एकटी होते, कारण महिनोन् महिने मी आईच्या चित्रांवर जळत होते. आणि हा माणूस त्याला सोंडेवरून काढून टाकत होता? त्याच्याशेजारी माझे मोर म्हणजे टिकल्यांच्या पाकिटावरचे मोर. मला आईला हरवायचं होतं. अशी आयती जागा नको होती.

मी तिच्या पर्समधून तो गोल आरसा काढला आणि चित्रासमोर तिरका धरला. 'काका, यात बघा.' 'काय?' 'बघा ना. सोंड कुठे आहे?' काका वाकले. 'डावीकडे,' ते म्हणाले. 'पदर?' काकू त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. 'आहे की डावीकडे.' 'सगळे उजव्या हातानं जेवतायत. चित्र बरोबर आहे. फक्त आरशात बघायचं.' पण त्या आरशात चित्राबरोबर काकांचं स्वतःचं तोंडही येत होतं, लाल कानांसकट, रुमालाखालच्या मोदकांच्या अगदी शेजारी. ते मागच्या लोकांना दिसलं आणि कुणाला तरी फिस्सकन हसू आलं.

'ते ठीक आहे,' काका सरळ उभे राहत म्हणाले, 'पण प्रत्येक स्मरणिकेबरोबर आरसा देणार का?' 'अहो, फ्लिप करू,' बाबा म्हणाले. 'स्कॅन करून फ्लिप. एक क्लिकचं काम.' अर्धा हॉल सॉफ्टवेअरवाला. सगळ्यांनी माना हलवल्या. 'मग खालची अक्षरं उलटी होतील,' काका म्हणाले. 'ती टाइप करू.' 'हॉलच्या दारावरचा आकडा उलटा...' 'दारावर आकडा नाहीये हो, भाऊजी,' आई म्हणाली.  काका चित्राकडे बघत राहिले. ते अख्खी रात्र जागून मखर लावायचे, शाळेची परवानगी आणायचे, शेवटी फरशी पुसून निघायचे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. मग माइकचा सगळा सूर जाऊन अगदी खासगी आवाजात त्यांनी विचारलं, 'वहिनी, मी असा आहे का हो?'

आईला खोटं बोलायला जमलं असतं, तिला सगळ्यांचे आवाज येत होते. पण तिनं नुसतं काकूंकडे बघितलं. उत्तर काकूंनी दिलं. त्या आधी आतल्या आत हसत होत्या, मग त्यांना आवरेना. 'अहो, असेच आहात तुम्ही! रुमालसुद्धा तोच आहे, चौकड्यांचा!' काकांनी खिशाला हात लावला. चौकड्यांचा होता. मग तेही हसले, जरा उशिरा, पण हसले. 'छापा,' म्हणाले. 'पण मोदक दोन कमी करता आले तर बघा.' आणि माइककडे जाऊन त्यांनी जाहीर केलं की ताटात एकच मोदक घ्यायचा. त्या वर्षी ते वाक्य कुणालाच नीट ऐकू आलं नाही, एवढा हॉल हसत होता.

त्यानंतर आईभोवती जी गर्दी झाली ती चित्रात असलेल्यांची नव्हती. नसलेल्यांची होती. 'आमचं काही काढलं नाहीत ते, वहिनी?' 'आम्ही तर दरवर्षी पाण्याचे ग्लास भरतो!' पॅरिसच्या काकांनी तेवढ्यावर आणखी एक दगड भरला असता. मलाही तेच विचारायचं होतं, पण मी मेले तरी विचारणार नव्हते. लोक ताटं घ्यायला पांगले. आरसा माझ्या हातात होता. मी एकटीच भिंतीशी उभी होते, तेव्हा मी त्यात बघितलं, आधी सोंड, मग बाबांचा बूट, मग ती कडेची मुलगी. आरशात ती डाव्या हातानं काढत होती.

उजवं कोपर कागदावर पसरून, आपलं काढलेलं कुणाला दिसू नये म्हणून सगळं झाकून, आणि डोळे मात्र तिरके, शेजारणीच्या कागदावर. आख्ख्या चित्रात त्या पोरीएवढं जिवंत दुसरं कुणी नव्हतं. काकांचं मोदकांवर भागवलं होतं. हिच्या मात्र वळीवळीतून, भुवईतून आईचा खडू फिरला होता. इतके शनिवार मला वाटत होतं की बघते आहे ती मी एकटीच, तिचा दगड.

ती प्रत आज माझ्या घरात जेवणाच्या टेबलासमोर आहे. मी पुढे चित्रं शिकले, शिकवतेही, माझ्या रेघेत चूक काढणारा अजून भेटायचा आहे. आणि अजूनही पोळीचा तुकडा मोडताना मान वर केली की मला वाटतं, हे आपल्याला कधीच जमलं नाही. आई फोनवर विचारते, 'काय काढतेस सध्या?' मी सांगत नाही.

त्या गणपतीच्या दिवशी आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. मी आरसा खाली केला नाही.

'ही मी आहे?'

'मग कोण? असं कोपर टाकून बसणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे?'

'आई, माझं नाक एवढं मोठं नाहीये.'

'आहे,' आई म्हणाली, आणि मोदक संपायच्या आत ताट घ्यायला गेली.